दुभाष्याची साक्ष

"सगळंच्या सगळं सांगायला पाहिजे असं थोडंच आहे?" समान संधी कक्षाच्या प्रमुख बाई म्हणाल्या आणि त्यांनी खोलीचे दार लोटून घेतले. "मुलगी चिडलेली आहे. चिडलं की माणूस वाटेल ते बोलतं. तुम्ही जरा मऊ करून सांगा. एवढंच म्हणतेय मी."

वेणी उभीच राहिली. वेणी हे तिचे खुणेचे नाव. बहिऱ्या माणसांच्या भाषेत प्रत्येकाला एक खूण असते, आणि तिला ही खूण तिच्या आईने ती शाळेत जायच्या आधी दिली होती. पुढे तिने केस मानेपर्यंत कापून टाकले, पण नाव राहिले ते राहिलेच. विद्यापीठात ती दुभाषी होती. बहिऱ्या मुलांच्या वर्गात शिक्षकाशेजारी उभे राहून त्यांचे बोलणे हातांनी सांगायचे, आणि मुलांच्या हातांतले बोलणे तोंडाने सांगायचे, हे तिचे काम.

समोरच्या भिंतीवर विद्यापीठाच्या माहितीपुस्तकाचे मुखपृष्ठ मोठे करून लावले होते. पांढरा कोट घातलेली एक मुलगी काचेची नळी उजेडाकडे धरून हसत होती. खाली लिहिले होते, 'इथे प्रत्येकाला जागा आहे.' आज चौकशी समितीपुढे उभी राहणार होती ती हीच मुलगी. हसली की तिच्या गालाला खळी पडायची, म्हणून तिचे खुणेचे नाव खळी. हा फोटो छापून आला आणि थोड्याच दिवसांत खळीला त्या प्रयोगशाळेत यायची बंदी झाली.

"मऊ म्हणजे कसं?" वेणीने विचारले.

"आता ते मी काय सांगू? 'थट्टा केली' म्हणाली तर 'गैरसमज झाला' म्हणा. तिला थोडंच ऐकू येणार आहे?"

हे बोलून गेल्यावर प्रमुख बाईंनाच कसेसे झाले. त्यांनी टेबलावरचा पाण्याचा पेला उगाच इकडचा तिकडे केला. बाई वाईट नव्हत्या. समान संधी कक्ष ही दोन टेबलांची खोली त्यांनीच भांडून मिळवली होती. वाचनालयाच्या पायऱ्यांशेजारचा चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार, अंध मुलांसाठी बोलणारे संगणक आणि वेणीची नेमणूक, हे सगळे त्यांनी वरच्या लोकांच्या नाकदुऱ्या काढून आणले होते. आणि ते कुणी तरी काढून घेईल या धास्तीत त्यांचा प्रत्येक दिवस जात होता.

"तिचे विभागप्रमुख व्यवस्थापन मंडळावर जाणार आहेत," त्या आवाज उतरवून म्हणाल्या. "आपला कक्ष चालू ठेवायचा की गुंडाळायचा, ते तिथं ठरतं. तुमची मुदतवाढही तिथूनच येते. मला तुम्हाला घाबरवायचं नाहीये हो. पण मी स्वतः घाबरलेय, ते तुमच्यापासून कशाला लपवू?"

वेणीला घाबरवायची गरजच नव्हती.

झाले होते ते असे. प्रयोगशाळेत आग लागली तर घंटा वाजते, ती आपल्याला ऐकू येणार नाही, तेव्हा घंटेबरोबर लुकलुकणारा एक दिवा बसवा, असे खळीने विभागप्रमुखांना सांगितले होते. ते 'बघू' म्हणाले. मग एका दुपारी वर्गात गर्दी होते असे सांगून त्यांनी वेणीला बाहेर थांबवले आणि दार लावून घेतले. खळी पाठमोरी आपले काम करत असताना तिच्या डोक्यामागे त्यांनी धातूचा मोठा ट्रे ओट्यावर आपटला. तिला खरेच ऐकू येत नाही, हे मुलांना दाखवायचे होते. तळहाताखालचा ओटा हादरला म्हणून खळी वळली. तिला दिसला वर उचललेला ट्रे, आणि हसणारा सगळा वर्ग. त्यानंतर सुरक्षेचे कारण देऊन तिची प्रयोगशाळा बंद केली गेली. खळीने तक्रार केली. चौकशीत वर्गातल्या एकानेही काही पाहिलेले नव्हते.

वेणीने मात्र ऐकले होते. दाराच्या मुठीवर तिने हातही ठेवला होता, आणि मग काढून घेतला होता. दुभाष्याने स्वतःचे काही बोलायचे नसते, दुसऱ्याचे फक्त पोचवायचे असते, असे तिला शिकवले गेले होते, आणि त्या नियमाच्या आडोशाला ती इतके दिवस लपून बसली होती. खळीलाही तिने सांगितले नव्हते. कुणी विचारले तर? कुणी विचारणार नाही, असे ती स्वतःला समजावत होती, आणि तरी रस्त्याने जाताना मागून कुणी हाक मारली की ती पावले झपाझप उचलायची.

समितीच्या दालनाबाहेर बाकावर खळी बसली होती. केस घट्ट बांधलेले, सदरा इस्त्रीचा. वेणीला पाहून तिने हात हलवले.

"तुझा चेहरा बघ. चौकशी माझी आहे की तुझी?"

वेणीला हसू आले, पण ते ओठांवरच मेले. "जेवलीस?" तिने विचारले.

"दोनदा. घाबरले की मला भूक लागते." खळीने बंद दाराकडे पाहिले. "समितीत तिघं आहेत. एकाचं नाव मी झोप ठेवलंय. मघाशी चहा पिता पिता डुलक्या घेत होता."

मग ती गंभीर झाली. "मी बोलेन तेव्हा तुझ्या तोंडाकडे बघणार नाही. तू काय बोलतेस ते मला तसंही कळणार नाही. मी त्यांच्या चेहऱ्यांकडे बघेन. माझं बोलणं पोचलं की चेहरे बदलतात."

ही मुलगी आपल्यावर संशय घेत नाही, हे वेणीला कळले. उलट, तिला वाटत होते की आपण दोघी एकाच बाजूला आहोत.

आत बोलावणे आले. लांब टेबलापलीकडे मधोमध अध्यक्षबाई बसल्या होत्या. त्या निवृत्त न्यायाधीश, विद्यापीठाबाहेरच्या. एका बाजूला ज्याचे नाव झोप ठेवले होते तो प्राध्यापक, दुसऱ्या बाजूला प्रमुख बाई. विभागप्रमुख खिडकीशेजारी, पायावर पाय टाकून. त्यांनी वेणीकडे पाहून ओळखीचे स्मित केले. ती टेबलाच्या टोकाशी, खळीचे हात दिसतील अशी बसली.

दुभाष्याचा एक नियम असतो. समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचे. ऐकणाऱ्याला ते सुरुवातीला विचित्र वाटते. वेणीला कधीच वाटले नव्हते, कारण ती हे लहानपणापासून करत आली होती. आई बहिरी, वडील बहिरे. दुकानात, शाळेत, कचेरीत तीच त्यांचे तोंड. वडील शेवटचे आजारी पडले तेव्हा डॉक्टर तिच्यापुढे उकिडवे बसले होते आणि म्हणाले होते, "बाळ, आईला सांग." तिने सांगितले होते. आईचे डोळे आधी डॉक्टरांच्या ओठांवर, मग तिच्या हातांवर, मग पुन्हा ओठांवर असे फिरत राहिले होते. तेव्हापासून कुणी तिला 'सांग' म्हटले की ती दचकायची. आणि तिने पोटापाण्याला नेमके तेच काम धरले होते.

खळी बोलू लागली. वेणी तिच्याकडे पाहत बोलू लागली.

"मी दुसऱ्या वर्षाला आहे. मला रसायनं आवडतात. ती आवाज न करता बदलतात."

अध्यक्षबाईंच्या कपाळावरची आठी जराशी सैल झाली. खळी पुढे सांगत गेली. दिव्याची मागणी, ओट्याचा हादरा, मागे वळणे. वेणी शब्दाला शब्द सांगत होती. मग खळीचे हात थोडे वर गेले.

"त्यांनी मला जनावरासारखं तपासलं. सगळ्यांसमोर."

विभागप्रमुख वेणीकडेच पाहत होते. प्रमुख बाईही. वेणीच्या तोंडून शब्द निघाले ते असे, "सरांचं वागणं मला... जरा खटकलं."

प्राध्यापकांनी मान हलवली. विभागप्रमुख खुर्चीत ऐसपैस मागे टेकले. प्रमुख बाईंनी श्वास सोडला.

खळीचे हात थांबले. ती एकेका चेहऱ्याकडे पाहत गेली. मग रागाचा मागमूस न दाखवता, एखाद्या लहान मुलाला शिकवावे तसे, तिने तेच वाक्य पुन्हा, सावकाश सांगितले. जनावर. तपासलं. सगळ्यांसमोर.

वेणीला वाटले, आता उठावे आणि दार उघडून सरळ चालू लागावे.

"माफ करा," ती म्हणाली. "मघाचं वाक्य मी चुकीचं सांगितलं. ती म्हणाली ते असं आहे. त्यांनी मला जनावरासारखं तपासलं. सगळ्यांसमोर."

विभागप्रमुखांचा टेकलेला पाठीचा कणा ताठ झाला. प्राध्यापक जागे झाले. अध्यक्षबाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. खळीने ते पाहिले आणि ती पुढे बोलू लागली.

तिचे संपल्यावर विभागप्रमुखांनी शांतपणे, सुसंस्कृत भाषेत आपली बाजू मांडली. "ट्रे ओला होता, हातातून निसटला. मुलं हसली. तरुण मुलं आहेत, हसणारच. मी त्यांना दटावलंसुद्धा. आणि या बाई वर्गातच होत्या की. त्यांनी तेव्हाच हिला नीट समजावलं असतं तर प्रकरण इथवर आलंच नसतं."

वेणी हे सगळे हातांनी सांगत होती. 'या बाई वर्गातच होत्या' हेही तिने सांगितले. खळीच्या भुवया वर गेल्या. तिने बोट वेणीकडे केले. तू? वेणी विभागप्रमुखांचे पुढचे वाक्य सांगत राहिली.

विभागप्रमुख जागेवरून जरा पुढे झुकले आणि प्रमुख बाईंना हसतच, अर्ध्या आवाजात म्हणाले, "काय हो, या बाईंची मुदत कधी संपतेय?"

खोलीत बोललेले प्रत्येक वाक्य बहिऱ्या माणसापर्यंत गेले पाहिजे. स्वतःविषयीचे असले तरी. वेणीने हात उचलले आणि तेही वाक्य सांगितले.

"आता काय सांगितलंत तिला?" अध्यक्षबाईंनी विचारले.

"सर आत्ता जे म्हणाले ते."

"मला नीट ऐकू आलं नाही. काय म्हणाले?"

"या बाईंची मुदत कधी संपतेय, असं."

प्रमुख बाई टेबलाकडे पाहत राहिल्या. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून हातात घेतला. "तुम्ही त्या वेळी वर्गात होतात?"

"मॅडम," प्रमुख बाई घाईने म्हणाल्या, "दुभाष्याला साक्ष विचारत नाहीत. तसा नियम आहे."

"नियम मला माहीत आहे. त्यांना बोलायचं नसेल तर त्यांनी तसं सांगावं. मी पुढे जाईन."

सुटायला वाट होती. 'नाही बोलायचं' एवढेच म्हणायचे. आई घरी एकटी आहे, तिचे दुखणे आहे, आपण गेलो तर उद्या येणाऱ्या मुलांना इथे कुणीच नसेल, अशी सगळी कारणे वेणीच्या मनात भराभर येऊन उभी राहिली. एकही खोटे नव्हते. तिने मान खाली घातली, आणि तेव्हा तिच्या ध्यानात आले की भीतीच्या भरात ही शेवटची काही वाक्ये तिने खळीला सांगितलीच नव्हती. खळी या चेहऱ्याकडून त्या चेहऱ्याकडे पाहत होती. आपल्याविषयी काही तरी चालले आहे, पण काय ते कळत नाही, असे ते डोळे. ते डोळे वेणीने कुठे पाहिले होते ते तिला आठवावे लागले नाही.

तिने हात वर केले. राहिलेली वाक्ये आधी खळीला सांगितली. मग तोंडाने आणि हातांनी एकदमच बोलू लागली. तोंडाच्या भाषेचा क्रम निराळा, हातांच्या भाषेचा निराळा. दोन्ही एका वेळी बोलता येत नाहीत, वाक्ये तुटतात. तिची तुटली.

"मी. बाहेर होते. दाराबाहेर. सरांनी थांबायला सांगितलं. दार बंद. ट्रे वाजला. मग हसणं. मग सर बोलले."

"काय?"

"'बघा, आता अजून जोरात.' मग परत वाजला. परत हसणं."

सकाळपासून तिने कितीदा तरी 'मी' म्हटले होते. ते सगळे खळीचे होते. हा एक तिचा स्वतःचा होता.

"बंद दारातून?" विभागप्रमुख हसले. "बोलणारा मीच होतो हे कशावरून? वर्गात मुलंही होती."

"तुमचं शिकवणं मी वर्षभर हातांनी बोलतेय, सर," वेणी म्हणाली. "तुमचा आवाज मी चुकणार नाही."

अध्यक्षबाई बराच वेळ लिहीत होत्या.

बाहेर आल्यावर खळी पुढे चालत राहिली. वळणावर थांबली आणि वळली.

"तुला माहीत होतं."

"हो."

"तू मला सांगितलं नाहीस. मला वाटायचं, मीच काही तरी उलटंसुलटं पाहिलं. मी रोज रात्री तेच आठवत बसायचे."

"मी घाबरले होते."

"आणि आता?"

"आताही."

खळी तिच्याकडे पाहत राहिली. तिने माफ केले असे काही म्हटले नाही. "चल," एवढेच तिने सांगितले, आणि दोघी जिना उतरल्या, बरोबर, पण एकमेकींकडे न पाहता. न पाहता म्हणजे न बोलता.

नंतरचे दिवस वेणीने जीव मुठीत धरून काढले. विभागाच्या व्हरांड्यात तिला पाहून लोक बोलणे थांबवत. जे शिपाईकाका रोज तिला वर्गाची किल्ली देताना हवापाण्याचे विचारत, ते किल्ली टेबलावर ठेवून दुसरीकडे पाहू लागले. वर्गातला एक मुलगा मात्र तिच्यापाशी येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, मीपण हसलो होतो," आणि उत्तराची वाट न पाहता निघून गेला. कुणी तिला धमकावले नाही. कुणी काही केलेच नाही. त्याचीच तिला जास्त भीती वाटत होती.

निकाल लागला. खळीला प्रयोगशाळेत परत घ्यावे, दिवा तातडीने बसवावा, विभागप्रमुखांना लेखी समज द्यावी. मंडळावरची त्यांची निवड त्या वर्षापुरती टळली. दिवा बसला तेव्हा खळीने तो स्वतः चालू करून पाहिला. पांढऱ्या भिंतींवर लाल उजेड लुकलुकू लागला. मुले थांबून बघू लागली, आणि त्यांतली एक मुलगी, जी कधी खळीशी बोलली नव्हती, तिने खळीकडे पाहून हवेत दोन्ही हात हलवले. बहिरी माणसे टाळ्या वाजवतात तसे. कुठून शिकली होती कोण जाणे, आणि चुकीचे हलवत होती, पण खळीच्या गालाला खळी पडली.

सत्र संपता संपता प्रमुख बाईंनी वेणीला बोलावले. या वेळी त्यांनी दार लोटले नाही. भिंतीवरचे मुखपृष्ठ तसेच होते.

"कक्ष राहिला," त्या म्हणाल्या. "ते आधी सांगते."

"बरं झालं."

"वर्गात पडद्यावर अक्षरं उमटवणारं यंत्र घेतायत. शिक्षक बोलले की खाली लिहून येतं. म्हणून दुभाष्याची जागा..." पुढचे त्यांना बोलवेना. "मी खूप सांगितलं हो. यंत्राला मुलीचे हात कसे वाचता येणार, असंही विचारलं. म्हणाले, तिला लिहिता येतं की."

"खळीला सांगितलंत?"

"तुम्हीच सांगा ना. मला कुठं येतं?"

त्या रडत नव्हत्या, पण त्यांचे नाक लाल झाले होते. वेणीला त्यांचा राग यायला हवा होता. तो आला नाही. ही बाई उद्याही या खोलीत याच धास्तीत बसणार होती, एवढेच तिला दिसत होते.

तिने खळीला प्रयोगशाळेच्या दारात गाठून सांगितले. खळीने ऐकले, म्हणजे पाहिले. मग कोटाची बटणे लावता लावता थांबली.

"मी परत तक्रार करेन," ती म्हणाली.

"कर."

"पण तेव्हा माझं बोलणं कोण सांगणार?"

आत तास सुरू झाला होता. खळीने तिच्या खांद्याला हात लावला, क्षणभर तो तिथे राहू दिला, आणि आत गेली. काचेतून दिसत होते, नव्या पडद्यावर अक्षरे धावत होती आणि खळी मान वर करून ती पकडायचा प्रयत्न करत होती.

वेणी ऊन असतानाच घरी पोचली. तिला इतक्या लवकर आलेली पाहून आईने हातातले शिवण बाजूला ठेवले.

"काय झालं?" आईने विचारले.

वेणीने सांगायला हात उचलले, पण ते थरथरत होते. खुणा अर्ध्यावर मोडत होत्या. एक शब्द दुसऱ्यात मिसळत होता. 'नोकरी' म्हणायला गेली तर भलतेच काही झाले.

कुणाचे हात असे कापताना दिसले की माणूस पुढे होऊन ते धरतो. आईने धरले नाहीत. धरले असते तर लेकीचे बोलणे बंद झाले असते. तिने उठून खिडकीचा पडदा पूर्ण बाजूला सारला, उजेड लेकीच्या हातांवर पडेल अशी खुर्ची ओढली, आणि समोर बसून वाट पाहू लागली.